राधेसाठी आलेलं रडू

ताई, सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरातच, रंकाळ्याच्या बाजूला राहते. वय चोपन्न, शिक्षण बारावी. मिस्टरांचं उद्यमनगरात लहानसं वर्कशॉप आहे, मुलगी लग्न होऊन पुण्याला असते. सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. गेल्या श्रावणात त्या गेल्या. त्यांचं सगळं मीच केलं. रोज दुपारी त्यांना शिवलीलामृताचा अध्याय वाचून दाखवायची. त्या गेल्यावर दुपार खायला उठायला लागली, म्हणून करवीर नगर वाचन मंदिरात नाव घातलं आणि कादंबऱ्या वाचत सुटले.

मला काय वाटलं ते जसंच्या तसं लिहिते. 'मृत्युंजय' वाचताना इतकी रडले की मिस्टर म्हणाले, पुस्तकासाठी कसलं रडतेस. सगळे कर्णासाठी रडतात, मला मात्र राधेचंच वाईट वाटत राहिलं. राधा म्हणजे त्याला वाढवणारी आई. 'ययाति' वाचून रडू आलं नाही, राग आला. देवयानीला सगळे नावं ठेवतात, मला तिचं पटलं. 'स्वामी' संपताना रमाबाई सती जातात तिथं ढसाढसा रडले आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. एक जिवंत बाई जळते आणि मला ते छान वाटलं, हे कसं? 'झोंबी' निम्म्यात ठेवली. सोसली नाही.

आमची दहा-बारा जणींची पुस्तक भिशी आहे. महिन्याला चिठ्ठी काढायची, जिचं नाव येईल तिच्या घरी जमायचं आणि तिनं वाचलेल्या पुस्तकांवर बोलायचं. माझी चिठ्ठी निघाली तेव्हा मी हे सगळं सांगितलं. आमच्यात कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. त्या म्हणाल्या, "रडू आलं म्हणजे कादंबरी चांगली असं नसतं. तुम्ही पुस्तक वाचत नाही, स्वतःलाच वाचता." सगळ्या गप्प बसल्या. तेव्हापासून भिशीला जावंसं वाटत नाही.

शेवटचं एक. सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पाहुण्यांत कुजबुज झाली, मी ऐकली. आणि आता पुस्तकातल्या बाईसाठी रडते. मी खोटी आहे का ओ ताई?

– रंकाळ्याकाठची एक वाचक


सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं पत्र त्या प्रश्नापर्यंत यायला धीर गोळा करत होतं असं मला वाटलं. तुम्ही खोट्या नाही. हे तुमची समजूत काढायला म्हणत नाही. तुम्ही वाचलेल्या पुस्तकांच्या आधारानंच सांगते.

'सगळे कर्णासाठी रडतात, मला मात्र राधेचंच वाईट वाटत राहिलं.' हे वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढं गेलात, मी तिथंच थांबले. १९६७ साली आलेलं हे पुस्तक आपल्या गावात घराघरांत वाचलं जातं. शिवाजी सावंत आजऱ्याचे, कोल्हापुरात शिक्षकी करत असताना जेमतेम सत्ताविशीत त्यांनी ही कादंबरी वाचकांच्या हातात दिली. तिच्याबद्दल बोलणारी माणसं मी आयुष्यभर ऐकत आले. कुणी कवचकुंडलांबद्दल बोलतं, कुणी रुतलेल्या चाकाबद्दल, कुणी कुंतीनं पाण्यात सोडलेल्या पेटीबद्दल. राधेसाठी रडले म्हणणाऱ्या तुम्ही मला पहिल्याच भेटलात.

आता महाभारतातली एक जागा सांगते. उद्योगपर्वात कृष्णाची शिष्टाई फसते. परत जाताना तो कर्णाला आपल्या रथात घेतो आणि सांगतो, तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस, चल, राज्य तुझं आहे. कर्ण नाही म्हणतो. त्याची कारणं बरीच आहेत, दुर्योधनाची मैत्री आहे, दिलेला शब्द आहे. पण त्या सगळ्यांच्या आधी तो राधेचं नाव घेतो. तो कृष्णाला सांगतो की अधिरथ सारथ्यानं मला घरी आणलं तेव्हा माझ्या मायेनं राधेला पान्हा फुटला, तिनं माझं मलमूत्र काढलं, तिचा पिंड माझ्यासारख्यानं कसा बुडवायचा? समोर अख्खं राज्य ठेवलेलं असताना, युद्ध दारात आलेलं असताना, त्या एवढ्या मोठ्या ग्रंथातल्या एवढ्या मोठ्या योद्ध्याला हे आठवतं. मी हा श्लोक पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीशी बसले होते.

तुम्ही पत्रात 'त्यांचं सगळं मीच केलं' एवढंच लिहिलंत. 'सगळं' या शब्दात काय काय असतं ते ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं त्या घरातल्या बाईला विचारावं. सकाळ-संध्याकाळ चादर बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, बेडपॅन द्यायचं, काढायचं, धुवायचं, मऊ भात भरवायचा, आणि रात्री दोनला हाक आली की पहिल्या हाकेला उठायचं. सहा वर्षं. तेही स्वतःच्या आईचं नव्हे. राधेनं पोटी न आलेल्या लेकराचं केलं, तुम्ही ज्या बाईच्या पोटी आला नव्हता तिचं केलंत. राधेला निदान कर्णानं कृष्णासमोर पावती दिली. तुम्हाला कुणी दिली? पाहुणे आले ते तुमचे डोळे कोरडे आहेत का ओले, एवढं बघून गेले. मग 'मृत्युंजय'मध्ये राधा दिसल्यावर तुमचा बांध फुटला यात खोटं काय आहे?

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी या गोष्टीचा फार खोल विचार करून ठेवला आहे आणि तो फक्त पंडितांच्या उपयोगाचा आहे असं मला कधी वाटलं नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण हा रस आहे आणि शोक हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना. शोक माणसाला प्रत्यक्ष होतो. करुण रस प्रेक्षकाला किंवा वाचकाला अनुभवायला मिळतो. भट्टनायक या जुन्या काव्यशास्त्रकारानं यासाठी साधारणीकरण हा शब्द वापरला. म्हणजे असं की नाटकातलं दुःख बघताना ते 'माझं' आहे ही भावना गळते आणि 'मला काय त्याचं' हीसुद्धा गळते, ते दुःख सगळ्या माणसांचं होतं आणि म्हणून त्याच्याजवळ बसता येतं.

सासूबाई गेल्या त्या दिवशी तुम्ही शोकाच्या आत होतात, आणि आत असणाऱ्या बाईला किती कामं असतात! डॉक्टरांचा दाखला, मुलीला फोन, गावाकडच्यांना निरोप, पंचगंगेवर न्यायची तयारी, आल्या-गेल्याचा चहा. मग दहावा, बारावा, तेरावा, पंगतीला माणसं किती, तांदूळ किती. रडायला दोन्ही हात रिकामे असावे लागतात. तुमचे कधी होते?

माझंच सांगते. माझी आई गेली तेव्हा मी सकाळपासून रात्रीपर्यंत चहाचे कप मोजत होते. एकशे चाळीसच्या वर मोजल्याचं आठवतं, आईचा चेहरा आठवत नाही. रडू आलं ते साडेतीन महिन्यांनी, कपिलतीर्थ मार्केटात, अळूच्या पानांची जुडी हातात घेतल्यावर. आई अळूवडीची पानं निवडताना देठ पाठीमागून सोलायची, तो तिचा अंगठा दिसला. भाजीवालीनं मला तिच्या पोत्यावर बसवलं, पाणी दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांना हातानं थांबवलं. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या वाट्याला भाजी मार्केटाऐवजी कादंबरी आली.

तुम्ही पोथीचं लिहिलंत ते मला सगळ्यात जास्त लागलं. ज्या दुपारच्या वेळेला सासूबाईंच्या उशाशी बसून शिवलीलामृत वाचायचात, त्याच वेळेला आता कादंबरी वाचता. जागाही तीच असेल कदाचित. फक्त ऐकणारं माणूस तिथं नाही.

एक काळजीची गोष्ट इथंच विचारून घेते. 'स्वामी'नंतर एक रात्र झोप लागली नाही, ते मी समजू शकते. पण रोजच झोप उडत असेल, जेवण जात नसेल, सकाळी उठून काहीच करू नये असं आठवडेच्या आठवडे वाटत असेल, तर ते पुस्तकांवर सोडू नका. फॅमिली डॉक्टरांना सांगा. सरकारची टेलिमानस म्हणून सेवा आहे, १४४१६ वर फोन केला की मराठीतही बोलता येतं. सहा वर्षं दुसऱ्याच्या दुखण्याला उठणाऱ्या बाईला स्वतःच्या दुखण्याला उठायची सवय राहत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आता त्या निवृत्त बाई. त्यांचं बोलणं तुम्हाला लागलं, मलाही वाचताना लागलं. चारचौघींत असं बोलू नये. पण त्या जे म्हणाल्या त्यातलं निम्मं बरोबर आहे आणि ते निम्मं तुम्ही घ्यावं अशी माझी इच्छा आहे, कारण तुम्ही चांगल्या वाचक आहात. रडू आलं म्हणजे कादंबरी चांगली, असं खरंच नसतं. टीव्हीवरच्या मालिकेतही रडू येतं, कांदा चिरतानाही येतं. उरलेलं निम्मं मला मान्य नाही. 'स्वतःलाच वाचता' हा काही आरोप होऊ शकत नाही. पुस्तकात शिरायला स्वतःचंच दार असतं, दुसरं कुठलं असणार? त्या बाईही त्यांच्याच दारानं आत गेल्या असतील. प्रश्न एवढाच की आत गेल्यावर आपण उंबऱ्यावर बसून राहतो का घर फिरून बघतो.

घर फिरून बघायचं म्हणजे काय, ते 'मृत्युंजय'वरच दाखवते. जिथं डोळे भरले ते पान काढा आणि तिथून चार पानं मागं जा. तुम्हाला रडवायची तयारी लेखकानं कुठून सुरू केली ते शोधा. बोलतंय कोण ते बघा. या कादंबरीत सहा जण बोलतात – कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, त्याचा भाऊ शोण आणि शेवटी श्रीकृष्ण. राधेला स्वतःचं प्रकरण नाही! ती आपल्याला दिसते ती दुसऱ्यांच्या बोलण्यातून, बरीचशी कर्णाच्या आठवणीतून. तुम्हाला तिचं वाईट वाटत राहिलं त्याचं एक कारण हे असू शकेल. बाकीच्यांना आपलं दुःख सांगायला पानंच्या पानं मिळाली, तिला नाही. हे तुम्ही भिशीत म्हणाला असतात तर त्या बाई वही काढून लिहून घेत्या.

आणि एक माझं मत, मला ही कादंबरी प्रिय असूनही सांगते. सहा माणसं बोलतात खरी, पण सहाही जण एकाच भारदस्त भाषेत बोलतात. सूताच्या घरचा शोण आणि द्वारकेचा कृष्ण यांची बोली मला वेगळी करता येत नाही. आणि कर्णाच्या प्रत्येक दुःखापाशी लेखक आपल्या आधी रडलेला असतो. वयाच्या विशीत ते मला फार आवडायचं. आता वाटतं, त्यानं थोडं आवरलं असतं तर माझ्यासाठी जास्त उरलं असतं.

याच्या अगदी उलट 'झोंबी'. आनंद यादवांची ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १९८७ ची, तिला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि ती घडते आपल्यापासून तासाभराच्याही आत असलेल्या कागलात. पोराला शिकायचं असतं, बाप शाळेतून काढून मळ्यात राबवतो. तिथं लेखक कुठंही 'बघा किती सोसलं' म्हणत नाही. मोट, पाटाचं पाणी, गुरं, मार, भूक, सगळं त्याच कागली बोलीत सांगत जातो. म्हणूनच ते सोसत नाही. निम्म्यात ठेवलीत त्याची लाज वाटून घेऊ नका. एवढं माहीत असू द्या की तो मुलगा शिकला, पुणे विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक झाला. त्या बळावर कधी पुढचं पान उघडावंसं वाटलं तर उघडा, नाहीतर राहू द्या.

'स्वामी'वर मला जरा जास्त वेळ थांबायचं आहे. तुमच्या चार मतांमधलं हे सर्वात मोलाचं मत आहे आणि ते तुम्ही अपराध कबूल केल्यासारखं लिहिलंत. मी सोळा वर्षांची असताना ही कादंबरी वाचली. १९६२ ची कादंबरी, तोवर तिच्या कितीतरी आवृत्त्या झाल्या होत्या. लायब्ररीच्या प्रतीची शेवटची पानं हाताळून मऊ पडली होती, त्यावर पिवळट डाग होते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून पुस्तकं घरोघर देतं, त्यातल्या अशा किती पानांवर किती बायकांचं पाणी पडलं असेल! मी रडले, माझ्या मैत्रिणी रडल्या, आणि आम्ही सगळ्या जणी रमा व्हायला तयार होतो. आमच्यातल्या एकीनंही विचारलं नाही की बाई, जळताना काय होत असेल?

माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला राजयक्ष्म्यानं, म्हणजे क्षयानं, गेले, वय सत्तावीस. रमाबाई सती गेल्या हा इतिहास आहे, तो कादंबरीकाराला बदलता येत नाही. पण तो सांगायचा कसा हे त्याच्या हातात असतं. रणजित देसाई आपल्याच जिल्ह्यातले, चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. त्यांच्या लेखणीवर माझी माया आहे आणि तरीही मी म्हणेन की त्या दोघांचं प्रेम त्यांनी इतकं हळुवार रंगवलं आहे, इतक्या पानांपासून ते आपल्याला त्या चितेकडे इतक्या अलगद नेतात, की तिथं पोचल्यावर एका तरुण मुलीचं मरण दिसतच नाही. प्रेमाचा कळस दिसतो. कळस बघून डोळे भरून येतात आणि छानही वाटतं. सतीची चाल १८२९ साली बंगाल इलाख्यात आणि पाठोपाठ मुंबई इलाख्यात कायद्यानं बंद झाली. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या पुस्तकातही ती आपल्याला सुंदर वाटू शकते, इतकी भाषेची ताकद असते.

तुमच्या बाबतीत मात्र काही वेगळं घडलं. रात्री जाग आली आणि तुम्ही विचारलंत, मला हे छान कसं वाटलं? मी हा प्रश्न स्वतःला विचारायला चाळिशी ओलांडली होती आणि तेव्हाही दुसऱ्यांदा वाचल्यावर सुचला. तुम्हाला पहिल्याच वाचनात, त्याच रात्री सुचला. सहा वर्षं एका बाईच्या देहाची निगा राखलेल्या तुमच्या हातांना जळणारा देह काय असतो ते कळलं असावं, असं मला वाटतं. त्या मराठीच्या बाईंना हे सांगा. 'मी रडले' एवढंच सांगून थांबलात म्हणून त्यांना टोकायला जागा मिळाली. 'मी रडले आणि मग मला माझ्या रडण्याचीच भीती वाटली' हे सांगितलंत तर त्याला समीक्षा म्हणतात, आणि ती त्यांनी वर्गात शिकवलेली असणार.

'ययाति'बद्दल राग आला हे वाचून मला बरं वाटलं. भावनिक कादंबरी म्हटली की रडायचंच, असा आपण नियम करून ठेवला आहे, राग ही काय कमी भावना आहे? १९५९ च्या या कादंबरीत खांडेकरांनी तिघांना बोलतं केलं – ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. म्हणजे देवयानीला स्वतःची बाजू मांडायची संधी लेखकानं दिली आहे. पण वाचून झाल्यावर बहुतेकांचा जीव शर्मिष्ठेकडे वळतो. जिच्यावर प्रेम केलं त्या कचानं नाकारलेली, नवऱ्यानं तिच्याच दासीबरोबर, म्हणजे शर्मिष्ठेबरोबर, फसवलेली ही देवयानी चिडली तर ती अहंकारी, आणि भोगामागं धावून मुलाचं तारुण्य मागणारा नवरा मात्र समजून घ्यायचा! तुम्ही एक करून बघा. दुसऱ्यांदा वाचताना नुसती देवयानीची प्रकरणं सलग वाचा, बाकीची वगळून. मी तसं केलं तेव्हा मला वेगळीच कादंबरी भेटली. तुमचा राग तिच्या बाजूनं उभा राहतो का नुसताच ययातीवर निघतो, तेही तेव्हा कळेल.

खांडेकर १९३८ मध्ये शिरोड्याहून कोल्हापुरात आले आणि शेवटपर्यंत इथलेच झाले. 'ययाति'ला १९७४ चा ज्ञानपीठ मिळाला, मराठीतला पहिला. शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. भिशीतल्या सगळ्या मिळून एकदा जाऊन या. घरातल्या गाद्यांवर बसून बोलताना जी तेढ येते ती अशा ठिकाणी उभं राहून बोलताना येत नाही, असा माझा अनुभव आहे.

भिशी सोडू नका, हे आता वेगळं सांगायला नको. पुढच्या वेळी जा. तुमची चिठ्ठी नसली तरी दोन मिनिटं मागून घ्या आणि राधेला कादंबरीत स्वतःचं प्रकरण नाही, एवढं एकच बोला. त्या बाईंना उत्तर म्हणून बोलू नका, तुम्हाला सापडलं म्हणून बोला. आणि एक आठवून बघा. त्या बाई तसं म्हणाल्या तेव्हा सगळ्या गप्प बसल्या असं तुम्ही लिहिलंत. तुम्हाला वाटलं त्या तुमच्या विरोधात गप्प बसल्या. मला वाटतं, त्यातल्या निम्म्या तरी 'आपण काय वाचून रडलो ते बरं झालं सांगितलं नाही' म्हणून गप्प बसल्या असतील. त्यांच्यासाठी तरी जा.

पुढं काय वाचू, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण माझ्याच्यानं राहवत नाही. कृष्णात खोतांची 'रिंगाण' घ्या. पन्हाळ्याच्या बाजूचे लेखक, २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला. धरणासाठी उठलेलं गाव आहे आणि मागं राहून रानटी झालेली म्हैस आहे. बोली आपलीच आहे. सावकाश वाचा, पहिली काही पानं जड जातील. कुठं गलबलून आलं ते मला कळवा, पानाच्या आकड्यासकट.

आणि तुमचे मिस्टर. 'पुस्तकासाठी कसलं रडतेस' एवढं त्यांचं एकच वाक्य तुमच्या पत्रात आहे. मी ते बाकी सगळं वाचून झाल्यावर पुन्हा वाचलं. गेली ती त्यांची आई होती. तुम्ही रडला नाहीत याची पाहुण्यांनी कुजबुज केली, ते रडले का हे कुणी बघितलं? तेराव्यानंतर वर्कशॉपचं शटर उघडून ते मशीनसमोर उभे राहिले असतील आणि तिथल्या आवाजात त्यांना कुणी काही विचारलंही नसेल. तुमच्या घरात अजून एक माणूस आहे ज्याचे डोळे गेल्या श्रावणापासून कोरडे आहेत, आणि त्याला कादंबरी वाचायची सवय नाही.

'मृत्युंजय' परत केली असेल तर पुन्हा आणा. सुरुवातीला चंपानगरीतली पानं आहेत, लहानपणचा कर्ण, शोण आणि राधामाता. एखाद्या रात्री जेवणं झाल्यावर टीव्ही बंद करा आणि त्यातली दोन-तीन पानं मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवा. कारण सांगू नका, विचारलं तर म्हणा, ऐका की थोडं. सासूबाईंना पोथी वाचायचात त्याच आवाजात वाचा. तो आवाज त्यांनी सहा वर्षं पलीकडच्या खोलीतून ऐकला आहे.